धाकटीचा डावा कान

थोरलीला धाकट्या बहिणीच्या साड्यांचा हेवा कधी वाटला नाही, नवऱ्याचा तर नाहीच नाही. हेवा वाटायचा तो तिच्या डाव्या कानाचा. आता म्हणाल, हा काय हेवा झाला! पण लहानपणी गोवराने थोरलीचा डावा कान गेला आणि धाकटी दोन्ही कान शाबूत घेऊन घरभर मिरवली. आई एकच, दवाखाना एकच. थोरलीच्या लसीच्या दिवशी तिचं नाक वाहत होतं, एवढंच. "सर्दी आहे, पुढच्या वेळी बघू," म्हणून आईने तिला परत नेलं. पुढच्या वेळेआधी गोवर आला.

शिलाईच्या कारखान्यात बायका म्हणायच्या, "तुझं बरंय बाई, निम्मीच खडखड ऐकायची." थोरलीचा नुसता जळफळाट व्हायचा.

आज तिच्या नऊ महिन्यांच्या लेकीला गोवराची लस द्यायची होती. रजा काढली, बाळाला नटवलं आणि नेमकं बाळ शिंकलं. सोबतीला आलेली धाकटी दारातच म्हणाली, "ताई, सर्दी झालीय गं हिला. पुढच्या वेळी नेऊ."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुला काय जातंय बोलायला? तुला दोन कान आहेत!"

धाकटीचं तोंड एवढंसं झालं. ती मागून चालू लागली.

नर्सने बाळाला तपासलं. "साधी सर्दी आहे. तिने लस अडत नाही."

"पण लसीत गोवरच असतो म्हणे, तोच टोचायचा?" धाकटीने भीत भीत विचारलं.

"अगं, यातला गोवर पार दुबळा केलेला असतो. शरीर त्याच्याशी झटापट करतं आणि त्याला ओळखून ठेवतं. उद्या खरा आला, की चोर ओळखीचा! लगेच धरतं. दुसरा डोस मात्र चुकवायचा नाही हं."

सुई टोचली. बाळाने दवाखाना डोक्यावर घेतला.

नंतर बाहेरच्या बाकावर बाळ थोरलीच्या मांडीत मुसमुसत होतं. एकाएकी त्याने डावीकडे मान वळवली. थोरलीने पाहिलं, तर तिच्या बहिऱ्या कानाकडे बसलेली धाकटी डोळे पुसत कधीची पुटपुटत होती, "ताई, चुकलं गं माझं." थोरलीला त्यातलं अक्षरही ऐकू आलं नव्हतं. लेकीला आलं होतं.

थोरलीच्या पोटात तोच जुना हेवा उसळला, तोही पोटच्या पोरीचा!

"सटवे, आता तुझ्यावरही जळायचं का मी?" म्हणत तिने लेकीच्या डाव्या कानाचा पापा घेतला आणि धाकटीच्या गळ्यात पडून रडली.