ट्रॉलीच्याही पाया पडणारे रघुनाना

रघुनाथ चौधरी, म्हणजे आपल्या सगळ्यांचे रघुनाना, यांची माझी पहिली भेट जळगावात एका शाळेच्या हॉलमध्ये झाली. ऐंशीनंतरची ती पहिलीच वर्षं. असोद्याहून सायकलवर मी तालीम बघायला आलो होतो. बाकं भिंतीशी सरकवलेली होती. नानांनी चपला दाराशी काढल्या, फरशीला हात लावून तो कपाळाला लावला.

मी म्हणालो, "नाना, ही तर शाळेची फरशी."

"उद्या सकाळी पोरं इथं पाढे म्हणतील. आता आपण उभे राहणार ना? मग पाया पडायला नको?"

त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्या हाती संहिता दिली आणि मला प्रॉम्प्टर केलं. माझ्या गावाकडच्या बोलण्याला मंडळी हसली, तेव्हा नाना एवढंच म्हणाले, "हसून घ्या. हा रुसला तर रंगमंचावर बठ्ठे, सगळेच्या सगळे, तोंडावर पडाल."

गौरवलेखात राग येऊ नये, हे मला कळतं. पण या ग्रंथाच्या संपादकांनी मला बजावलं आहे की नानांच्या नाटकांवर भरपूर लिहा, "ते खेळबिळ" मात्र एका ओळीत आटपा. मी ते आटपणार नाही. आपल्या नाट्यसंस्थेने नानांची दहा वर्षं आटपली, तेवढं पुरे झालं.

नाना ज्या मिलमध्ये होते ती बंद पडली. घर चालवायचं होतं. एका साडीच्या दुकानदाराने त्यांना 'वहिनींचा डाव' हा, बायकांना मंचावर बोलावून साड्या बक्षीस देण्याचा खेळ चालवायला बोलावलं. गणपतीत, नवरात्रात गावोगावी तो होऊ लागला आणि पुढे केबलवरही दिसू लागला. त्या दिवसापासून संस्थेत नानांचं नाव निघालं की लोक ओठ मुडपू लागले. आमचे तेव्हाचे दिग्दर्शक तर तालमीत सर्वांसमोर म्हणाले, "नाना, ऐकलं ते खरं का? ट्रॉलीच्या पाया पडता म्हणे! कोणता देव हो तो, डिझेलचा?"

सगळे हसले. नानाही हसले. मला मात्र आजही ते आठवलं की कानशिलं तापतात. कारण ते खरं होतं. सावद्याला केळीच्या वखारीसमोर ट्रॅक्टरची ट्रॉली उभी करून तिचाच मंच केला होता. माइक सांभाळायला मी बरोबर होतो. नानांनी चपला काढल्या, ट्रॉलीच्या पत्र्याला हात लावला, कपाळाला लावला आणि मग वर चढले. देवळात रोज जाणारा माणूस मी. मला त्यात काही कमी दिसलं नाही.

त्या दिवशी एक म्हाताऱ्या अक्का वर आल्या. नानांनी नाव विचारलं.

"मधूची माय."

"मधूला मग भेटू. तुमचं नाव?"

"माह्यं काय इचारता बापा? मले कोणी नावानं हाका मारते का?"

"आज आम्ही मारणार. पण पार त्या लिंबाखालच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे, अक्का. पोटातून सांगा."

"द्वारकाऽ!" अक्का अशा गरजल्या की लिंबाखालचे लोक उठून टाळ्या वाजवू लागले. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत कसा फेकायचा, हे नानांनी आपल्या सगळ्या नटांना शिकवलं. तेच त्यांनी तिथे शिकवलं. त्याला नाटक सोडणं म्हणतात?

मग धुळ्याच्या स्पर्धेतला प्रयोग. नानांची बापाची भूमिका होती. मुलगा गेल्याची बातमी येते आणि बाप त्याचा सदरा हातात घेऊन उभा राहतो, असा प्रसंग. मागून कोणीतरी ओरडलं, "नाना, वहिनींना बोलवा!" सगळं थिएटर हसलं. मी विंगेतून पुढचं वाक्य पुरवलं. नाना वळले नाहीत, बोलले नाहीत. ते सदऱ्याची घडी घालू लागले. एक बाही, मग दुसरी, मग कॉलर. हसणं विरत गेलं. पुढचं वाक्य त्यांनी इतकं हळू म्हटलं, तरी शेवटच्या रांगेत हुंदका आला तो मी ऐकला.

परत येताना बसस्टँडवर दिग्दर्शक म्हणाले, "संस्थेचं हसं झालं. एक तर डाव खेळा, नाही तर नाटक करा."

नाना म्हणाले, "ते हसले ते ऐकलंत साहेब. थांबले ते नाही ऐकलं?"

पुढच्या नाटकातून नानांचं नाव गेलं. तेव्हापासून आजपर्यंत आपल्या रंगमंचावर नानांना एकही भूमिका मिळालेली नाही. ज्यांनी तो निर्णय घेतला आणि ज्यांनी माना डोलावल्या, त्यांच्यातलेच काही आज सत्कार समितीत आहेत. नानांच्या साठीचा सोहळा त्याच रंगमंचावर आहे. तिथे नानांना खुर्चीत बसवायचं, शाल घालायची आणि पुन्हा घरी पाठवायचं, असा बेत आहे. याला मी गौरव म्हणू शकत नाही.

समितीचं आमंत्रण घेऊन मीच त्यांच्या घरी गेलो होतो. नाना अंगणात होते. मोठ्याने उतारे म्हणायचा त्यांचा सराव अजून रोजचा आहे. पाठ झालेल्या भूमिका, ज्या कोणी त्यांना दिल्या नाहीत. आमंत्रण ऐकून त्यांनी विचारलं, "मले त्या दिवशी काही बोलायचं शे का?"

मी म्हटलं, "सत्काराला उत्तर द्यायचं, नाना."

"ते नाही रे. काम शे का काही? लहानसं असलं तरी चालेल."

मला तिथे थांबवेना.

परमेश्वर नानांना शंभर वर्षांचं आयुष्य देवो, त्यांचा आवाज असाच खणखणीत ठेवो, यासाठी मी रोज दिवा लावताना हात जोडतो. आयुष्य देणं त्याच्या हाती आहे. भूमिका देणं आपल्या हाती आहे. शाल घालण्याचा मान समितीने मला दिला आहे. त्या तबकात शालीबरोबर पुढच्या नाटकाची संहिता ठेवा. ती ठेवणार नसाल, तर शाल घालायला दुसरा माणूस बघा.