सतरंजीखालचा माग

कुसुमताई हेडाऊला कोणी रिकामं बसलेलं पाहिलं असेल तर त्यानं मला येऊन सांगावं. मी तिचा पंचवीस वर्षांपासूनचा शेजारी. दोन घरांत भिंत एकच, त्यामुळे सकाळी मी चौकातली माझी पिठाची चक्की उघडायला निघायच्या आधीच तिच्या मागाची खटखट ऐकू येते. आधी मागावर तिचा नवरा, सेवकरामभाऊ बसायचे. त्यांच्या कंबरेनं जवाब दिला तेव्हा जन्मभर त्यांच्यासाठी सुताच्या कांड्या भरत आलेली ही बाई सरळ मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली आणि कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणायला लागली. लोक हसले. पहिलं कापड व्यापाऱ्यानं मुकाट्यानं उचललं, तेव्हा हसणं बंद झालं. तेव्हापासून घर चालतं ते त्या मागावर.

आमच्याकडचा माग जमिनीत असतो. खाली खड्डा, त्यात पायानं दाबायच्या पावड्या, काठावर विणणारा आणि समोर लांब ताणलेलं सूत. त्याला एक सलग लांब खोली लागते. बाहेरच्या उघड्या छपरीत तो चालत नाही, कोशाला ओल लागते आणि उंदीर तर टपूनच असतात. आंधळगावच्या बाजाराला जाणाऱ्या आमच्या या गावात पूर्वी घरोघरी माग होते. आमच्या सतरा घरांच्या ओळीत आता एकच उरला.

गेल्या उन्हाळ्यात आमची ओळ घरकुलाच्या यादीत लागली. भिंती सामायिक, म्हणून सतरा घरं एकदमच पाडायची आणि एकदमच बांधायची. योगेंद्र नावाचा तरुण इंजिनीअर पाहणीला आला. पोरगा चांगला होता, चप्पल बाहेर काढून घरात यायचा.

आणि इथंच आम्ही माती खाल्ली. आमच्यात पाहुणा आला की त्याला उघड्या खड्ड्यासमोर बसवत नाहीत. त्यातून त्या दिवशी कुसुमताईचं कापड नुकतंच उतरलं होतं, नवं सूत चढायचं होतं, मागाचं सामान काढून मागच्या खोलीत ठेवलं होतं. रिकामा माग परक्याला दाखवायचा म्हणजे चूल थंड असल्याचं सांगण्यासारखं. मीच ओरडलो, "ताई, साहेब येऊन राहिले, आवर लवकर!" खड्ड्यावर फळ्या टाकल्या, एक टोक तिनं धरलं, एक मी. वर लग्नातली सतरंजी. योगेंद्र त्या सतरंजीवर बसून चहा प्याला, मीही प्यालो. मग त्यानं मोबाइलवर खोलीचा फोटो काढला आणि गेला.

दिवाळीनंतर खास ग्रामसभा भरली. मागे फलक होता, 'आपले घर, आपला सहभाग'. भिंतीवर दोन नकाशे लावले होते. घरात धंदा असेल त्याला एक लांब खोली, बाकीच्यांना मधे भिंत घालून दोन लहान. कुसुमताईच्या नावापुढे दोन लहान खोल्या होत्या.

ती उठली. "साहेब, माह्या घरी माग हाये. तुमच्या कागदात काहून नाही?"

योगेंद्रनं मोबाइल पाहिला. "ताई, फोटोत दिसत नाही ना."

"तुमी ज्या सतरंजीवर बसून चाय पेले, तिच्याच खाली होता. तुमच्यासाठीच तं झाकला होता."

सभेत हसू फुटलं. योगेंद्र हसला नाही, त्याचे कान लाल झाले. तो म्हणाला, "माझी चूक आहे, मी विचारायला हवं होतं. पण फोटो वर गेलाय. आता बदल करायचा तर पूर्ण ओळीची फाइल परत पाठवावी लागेल. सतराही घरं. पुन्हा नंबर कधी लागेल, मी सांगू शकत नाही."

मग तो जे बोलला ते तो खरंच प्रामाणिकपणे बोलला. "हा तुमचा आराखडा आहे. तुम्ही ठरवा."

सगळ्यांनी कुसुमताईकडे पाहिलं. पुढेच गोदावरीबाई बसली होती. तिची भिंत पावसाळ्यात पडली आणि बाळंत सून तेव्हापासून ताडपत्रीखाली. तिनं मान खाली घालून म्हटलं, "तू म्हणशील तसं, बाई." एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं. कुसुमताई चांगलं भांडते.

मी उठून म्हणायला हवं होतं की फळीचं दुसरं टोक मी धरलं होतं, फाइल परत जाऊ द्या, थांबू आपण सगळे. माझ्याही घराला तडा गेला आहे. मी चपलेच्या अंगठ्याकडे बघत बसलो. मला माझी लाज वाटत होती आणि तरीही मी उठलो नाही.

"लिवा साहेब," कुसुमताई म्हणाली. "कागदात जसं हाये तसंच लिवा."

सोळा घरांचे हात पटापट वर गेले, माझाही. मग ग्रामसेवकाला ठरावासाठी सूचक हवा होता. महिला असली तर बरं, असं वरून आलं होतं, आणि सभेत उठून बोललेली बाई एकच होती. त्यानं विचारलं, "ताई, तुमचं नाव टाकू?" तिनं मान डोलावली. त्यानं मोठ्यानं वाचलं, "सौ. कुसुमताई सेवकराम हेडाऊ यांनी मांडलेला ठराव सर्वानुमते मंजूर." टाळ्या वाजल्या. तिनं सही केली. सावकाश, पूर्ण नाव.

बाहेर आल्यावर मी मागे मागे राहत होतो. ती माझ्यासाठी थांबली.

"भय्याजी, तुमच्या दोन्ही खोल्यांले खिडक्या आल्या ना?"

टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आल्या," मी म्हणालो.