डावा खांदा

प्रभाकर मास्तर बऱ्हाणपूरच्या एका शाळेत कसरत शिकवायचे आणि पहाटे राजघाटाजवळच्या तालमीत कुस्ती. हौशी कुस्तीचे इंग्रजी नियम त्यांनी स्वतः बसून मराठीत उतरवले होते, मग हिंदीतही. मी त्यांच्याकडे चौदा वर्षं शिकलो. पंच म्हणून त्यांचा शब्द लोक डोळे मिटून मानत. त्या नावाखाली काय दडलं होतं, ते आम्हाला फार उशिरा कळलं.

छप्पनच्या नोव्हेंबरात नवं राज्य झालं. तोवर आमच्या पैलवानांची निवड नागपूरला व्हायची. आता नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो, आणि सत्तावनची निवड इंदूरला ठरली. मास्तरांनी जवळच्या दापोरा गावच्या कौतिकला तिथे नेलं. चोवीस वर्षांचा हा शेतकरी त्यांचा सगळ्यात चांगला शिष्य होता. अंतिम कुस्ती जिंकली की राज्याच्या संघात जागा नक्की होती.

नेमका त्या कुस्तीचा पंच तापाने पडला. आयोजकांनी मास्तरांना उभं राहायला सांगितलं. कौतिक माझा शिष्य आहे, मला हे काम देऊ नका, असं मास्तर म्हणाले. तेव्हा मागून कोणीतरी हसत बोललं, "ये लोग तो अब भी खुद को नागपुर का ही समझते हैं." ते मास्तरांना लागलं. त्यांनी शिट्टी गळ्यात घातली.

कौतिक गुणांनी पुढे होता. शेवटच्या मिनिटात समोरच्याने त्याला ढाकेचा डाव मारून खाली आणलं. कौतिकने मानेवर अंग तोललं. चितपट व्हायला दोन्ही खांदे टेकावे लागतात; त्याचा उजवा खांदा गादीला टेकला होता, डावा नव्हता. मास्तर पोटावर आडवे झाले आणि त्यांनी पाहिलं. खांद्याखाली दोन बोटं जातील एवढी फट होती, पलीकडचा उजेड दिसत होता. बाजूच्या पंचांना ती बाजू दिसत नव्हती. सगळं मैदान आपल्याकडे बघतंय, शिष्याला वाचवलं म्हणेल, एवढंच मास्तरांना जाणवलं. त्यांनी शिट्टी फुंकली आणि स्वतःच्या शिष्याला चितपट दिलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंच असावा तर असा, म्हणाले. कौतिक उठला, समोरच्याशी हात मिळवला आणि मास्तरांच्या पाया पडला. परतीच्या गाडीत त्याने आपल्या शिदोरीतली अर्धी भाकर त्यांच्यापुढे ठेवली. मास्तरांनी ती तशीच फडक्यात बांधून ठेवली. खंडवा येईपर्यंत सांगून टाकू, असं त्यांनी ठरवलं. खंडवा आलं नि गेलं. पुढच्या वर्षी कौतिकचे वडील वारले, केळीची बाग त्याच्या अंगावर पडली आणि तालीम सुटली.

मास्तरांना मात्र त्या एका निकालाने मोठं केलं. गावोगावची बोलावणी यायला लागली. प्रत्येक कुस्तीत ते पोटावर पालथे पडून दोन्ही खांदे बघत, आणि त्याचंही लोक कौतुक करत. कौतुक ऐकलं की ते विषय बदलत. आम्हाला तो नम्रपणा वाटायचा.

चौऱ्याऐंशी साली ते निवृत्त झाले. आम्ही सत्कार ठेवला आणि सगळ्यात जुना शिष्य म्हणून कौतिकला बोलायला उभं केलं. तो एवढंच म्हणाला, "माझ्या वस्तादांनी मलेच चितपट दिलं होतं. आता त्यायनीच बोलावं." सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. मास्तर उठले, सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसले.

चार दिवसांनी ते एकटेच दापोऱ्याला गेले. कौतिक बागेत होता. मास्तरांनी उभ्या उभ्याच सांगितलं, "तुझा डावा खांदा टेकला नव्हता. मी पाहिलं होतं."

"मले मालूम होतं," कौतिक म्हणाला. "खांदा माझाच होता ना."

"मग पाया कशाला पडलास?"

"वस्तादाच्या पाया तर पडायचंच असतं, मास्तर. घरी आल्यावर सांगतील, असं वाटलं. सत्तावीस वर्षं वाट पाहिली. त्या दिवशी सभेतही तुमाले जागा करून दिली."

मास्तरांनी माफी मागितली. कौतिकने केळीचं एक वाळकं पान ओढून काढलं. मग म्हणाला, माझ्या एकट्यापाशी बोलून काय उपयोग, टाळ्या तर सगळ्यांनी वाजवल्या होत्या. त्याची बायको मथुराबाई चहा घेऊन आली. मास्तरांनी तो घेतला.

पुढच्या रविवारी त्यांनी आम्हा सगळ्यांना तालमीत बोलावलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, काही न लपवता. दोघेजण उठून गेले. बाकीचे आम्ही बसून राहिलो. मास्तरांनी राज्याच्या कुस्ती संघटनेलाही तसंच पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. त्यानंतर त्यांनी पंचाचं काम कधीच केलं नाही, पण शिकवणं अंगात बळ होतं तोवर चालू ठेवलं.

कौतिकला त्या रविवारचा निरोप होता. तो आला नाही. केळीचे घड उतरवायचे होते, असं त्याने नंतर मला सांगितलं. मास्तरांनी काय सांगितलं, हे मात्र त्याने माझ्याकडून दोनदा ऐकून घेतलं.