पोरीचे मेसेज, जावेच्या तोंडून

खरं सांगाचं तं धाकट्या जावेवर मी लय जळो. अन् सुरुवात झाली भाकरीपासून.

वांकिडीकडच्या आमच्या गावात परमुलखातले एक म्हातारे फादर आले. बाया पुरुषापुढं तोंड उघडत नाईत, शिकाले काय येतीन, हे त्याईच्या ध्यानात आलं. मंग त्याईनं चार पोरी जमवून सिस्टरांचा एक नवा संघच काढला. बायाईले शिकवाचं, येवढंच त्याईचं काम. सिस्टर घरोघर फिरल्या. सासूबाई म्हणाल्या, "एकच जाईन. दुसरी चुलीपाशी." धाकटीची भाकर तव्यावर टाकता टाकता फाटे, म्हणून तिले धाडलं. माही टम्म फुगे, म्हणून मी घरी! चांगल्या हाताची शिक्षा, बाप्पा.

फादरचा नियम होता, शिकली तिनं घरातल्या एकीले शिकवाचं, मंगच पुढचं पुस्तक. धाकटी रोज पाटी घेऊन ये. "ताई, बसा न." मी म्हणो, "मले येळ नाई." येळ होता. पण काल आलेली पोरगी मले शिकवणार? तिचं पुस्तक माह्यापाशी अडकलं, याचाच मले आनंद होये.

मंग माही लेक नर्सिंग शिकाले मंचेरियलले गेली. गावात रेंज धड नाई, बोलणं तुटे, म्हणून ती मेसेज लिहे. तो धाकटी वाचून दाखवे. पोरगी माही, अन् तिचं "आई" जावेच्या तोंडून ऐकाचं! दरवेळी शेवटी एकच, "आई, तुह्या हातच्या भाकरीची लय आठवण येते." मी पदर डोळ्याले लावो, अन् पोटात आग बी लागे. एक दिवस न राहवून म्हटलं, "आण तुही पाटी."

कापूस वेचून झाला तेव्हा कुठं मले अक्षरं जुळवता आली. धाकटीले तिचं पुढचं पुस्तक भेटलं. एका दुपारी घरात कोणी नव्हतं, मी फोनमधले जुने मेसेज काढले. आई, पोचली. आई, पेपर बरा गेला. आई, थंडी आहे, शाल पाठव. बोट ठेवून एकेक वाचला. भाकरीचं कुठंच नव्हतं.

मी परत पहिल्यापासून वाचले, नाईच. अन् मंग अजूनच जळली. माह्या पोरीले जे सुचलं नाई, ते हिले काऊन सुचावं?

संध्याकाळी फोन वाजला. धाकटी भाकरी थापून राह्यली होती. "वाचा न ताई, काय म्हणते पोरगी?"

मेसेज येवढाच होता, आई, रविवारी येते. मी तो वाचला. मंग स्क्रीनवरची नजर न काढता म्हटलं, "अन् लिव्हते, काकूची लय आठवण येते."

तिचा हात थांबला. तिले माह्यापेक्षा चांगलं वाचता येते, फोन मागू शकली असती. तिनं मागितला नाई. भाकर उचलली, ती नेहमीसारखी फाटली, अन् त्या दिवशी मी पहिल्यांदाच हासली नाई.