काकूंचं न काढलेलं चित्र

आमचे ड्रॉइंगमास्तर बायकांच्या हातांकडे इतकं टक लावून पाहत, की भद्रकालीच्या भाजीबाजारात त्यांना बोलणी खायची सवयच झाली होती. "मास्तर, भाजी घ्यायची तर घ्या, नाय तर पुढं व्हा. मला लय कामं हायेत," असं सायखेड्याच्या एका भाजीवालीने सुनावलं, तेव्हा मी शेजारीच उभी होते. मास्तरांनी निमूटपणे नको असलेली मेथी घेतली आणि गल्लीत शिरेपर्यंत जुडी बांधणाऱ्या तिच्या अंगठ्याचं कौतुक सांगत राहिले.

या वेडाचं मूळ त्यांच्या ओसरीवरच्या एका चौकटीत होतं. देवळालीच्या कॅम्पात कुणा साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात त्यांना एकोणिसाव्या शतकातलं एक फ्रेंच पेन्सिलचित्र मिळालं होतं. चित्रात तीन बायका. एक इस्त्री करतेय, एक पोरीची वेणी घालतेय, एक सुईत दोरा ओवतेय. ना कुणी राणी, ना अप्सरा. शाळेतल्या आम्हा मुलींना ते घरी बोलावून हेच चित्र गिरवायला बसवत. खोडरबर दिसलं की जप्त. "चेहऱ्याची घाई नको. आधी हात काढ," हे ठरलेलं. परीक्षेत त्यापायी माझे मार्क गेले, ते सोडा.

इस्त्रीवालीच्या डौलाबद्दल मास्तर वर्षानुवर्षं बोलत. एकदा काकू, म्हणजे त्यांची बायको, चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "डौल कसला? दमलीय हो ती. खांदा बघा तिचा." मास्तरांनी आधी चित्रातला खांदा पाहिला, मग काकूंचा. त्या दिवसापासून त्यांनी काकूंचंच चित्र काढायचा ध्यास घेतला.

काकू बधणाऱ्या नव्हत्या. चित्र काढलं की माणसाचं आयुष्य घटतं, अशी त्यांची ठाम समजूत. "हात काढा हवे तेवढे. तोंड नाही. मला अजून पुष्कळ जगायचंय." मास्तर रुसले, एकदा तर जेवले नाहीत. काकूंनी त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि स्वतः जेवून घेतलं. वहीत पीठ मळणारे, तांदूळ निवडणारे हात भरत गेले.

मग काकूंना विषमज्वर झाला. डॉक्टरांनी हात टेकले. मी पेज घेऊन गेले होते, तेव्हा काकू क्षीण आवाजात म्हणाल्या, "अहो, आणा तो कागद. काढा आता तोंड. आता घटायला उरलंय काय?"

मास्तरांनी फळी आणली, पेन्सिलीला टोक केलं. बराच वेळ काकूंकडे पाहिलं आणि सगळं खाली ठेवून दिलं.

"आज नको. तू बरी हो, मग निवांत काढू."

"तुमचं हे असं," म्हणून काकू हसल्या. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

ड्रॉइंगमास्तराच्या घरात बायकोचं एक चित्र नसावं, याचं गल्लीला नवल वाटलं. मला तर रागच आला होता. लग्न होऊन मनमाडला जायच्या आधी मी त्यांच्या पाया पडायला गेले आणि राहवलं नाही म्हणून विचारलं, "मास्तर, काकू स्वतः म्हणत होत्या. का नाही काढलंत?"



"पहिली रेघ ओढली असती ना," ते म्हणाले, "तर तिला कळलं असतं, की मीसुद्धा आशा सोडली."