नैऋत्येची भिंत

रामाकोन्यातल्या एका घराची एक भिंत माझ्या चुकीमुळे पडू शकते, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ते घर बांधणाऱ्या मिस्त्रीला नाही, आणि जे त्या भिंतीखाली राहतात त्यांना तर नाहीच.

मी घरांचे नकाशे काढतो. जन्म पांढुर्ण्याचा, दुकान सौंसरला, बसस्टँडच्या मागे. मंजुरीसाठी लागणारा साधा नकाशा तर मी देतोच, पण लोक येतात ते संगणकावरचं रंगीत घर बघायला. आपलं घर वरून, खालून, चारही बाजूंनी फिरताना पाहिलं की माणसं गप्प होतात. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, त्यासाठीच मी ते करायचो.

ते घर ज्या ताईचं, ती अंगणवाडीत काम करणारी. थोडी शेती, संत्र्याची काही झाडं, नवरा नागपूरला कंपनीत. सोबत सासऱ्यांना घेऊन आली होती. म्हातारे दम्याचे, पण बोलायला खणखणीत.

"भाऊ, छत टिनाचंच करा," ती म्हणाली. "फक्त मामाजीचं एक म्हननं आहे, ते आयकून घ्या."

"नैऋत्य उंच पाह्यजे," म्हातारे म्हणाले. "अन् उतार ईशान्येले. नैऋत्य बुटकी राह्यली तं घरातला मोठा मानूस टिकत नाही."

"तुमाले काय होते जी? तुमी तं आमाले पोचवून जाल."

"पाहा, सुनबाई कशी बोलून राह्यली," म्हातारे मला म्हणाले आणि खोकत हसले.

आमच्याकडे हे सगळेच मानतात. नैऋत्य कोपरा घरात सगळ्यात उंच, आणि तिथलीच खोली घरातल्या वडीलधाऱ्याची. त्यामुळे पुढची भिंत दहा फुटांची आणि मागची जवळजवळ पंधराची, असं एकाच पाख्याचं छत ठरलं.

आता चूक कशी झाली ते सांगतो. भिंती वेगवेगळ्या उंचीच्या असल्या की सॉफ्टवेअर छत नीट बसवत नाही. एक तुकडा वर, एक खाली, मधे फट, असं काहीतरी विचित्र करून ठेवतं. त्यावर मी एक युक्ती शोधली होती. आधी सगळ्या भिंती दहा फुटांच्या करायच्या, त्यावर काँक्रीटचा पट्टा फिरवायचा, म्हणजे चारही भिंती एकमेकींना धरून राहतात. मग तिरपं छत वर ठेवायचं आणि भिंतींना हुकूम द्यायचा, छतापर्यंत वाढा. एक क्लिक. भिंत आपोआप वर चढते आणि टिनाला जाऊन चिकटते. ते पाहून म्हातारे म्हणाले, "बाप्पा, झाडावानी वाढली."

भिंत वाढली. पट्टा मात्र दहा फुटांवरच राहिला. वर माणसाच्या उंचीची नुसती वीट, तिला ना खांब ना माथ्यावर पट्टा, आणि टिन धरणारे सगळे लोखंडी पाइप तिच्यावर. पडद्यावर भिंतीला रंग दिलेला, त्यामुळे आतलं काही दिसत नव्हतं. मी तसाच कागद छापून दिला.

काम निम्मं झाल्यावर मिस्त्रीचा फोन आला. "सायेब, पट्ट्याच्या वरतं भिंत नऊच्या जागी चार इंचीच घेऊ ना? वजन कमी होईन."

समोर दुसरं गिऱ्हाईक बसलं होतं. मी म्हणालो, "घ्या. कागदात आहे तसं करा." मी कागद पाहिला नाही. वास्तुशांतीची तारीख ठरलेली होती, मला बोलावणं आलं होतं, आणि मी जाऊन पुरणपोळी खाऊन आलो. त्याच खोलीत, त्याच भिंतीला पाठ लावून.

कळलं ते नंतर. लोधीखेड्याच्या एकाला तसंच छत हवं होतं, म्हणून मी ताईची फाईल उघडली आणि सहज ते घर मधोमध कापून पाहिलं. पट्टा भिंतीच्या मधेच, कमरेला करदोटा बांधावा तसा. आणि मी केलं काय, तर पट्टा उचलून वर नेला, खाली दोन खांब दिले आणि फाईल जपून ठेवली. संगणकातलं घर मी दुरुस्त केलं. रामाकोन्यातलं होतं तसंच राहिलं.

तेव्हापासून मला वाऱ्याची भीती वाटते. दुकानाचं शटर थरथरलं तरी मी उठून बाहेर आभाळ पाहून येतो. या उन्हाळ्यात पांढुर्ण्याला भाच्याचं लग्न होतं. भर दुपारी पंगती बसलेल्या आणि एकदम वाऱ्याचं वावधन सुटलं. मांडवाचं कापड फुगलं, कुठलंसं टिन उडून रस्त्यावर आदळलं. सगळे ताट घेऊन शाळेच्या वऱ्हांड्यात धावले. मी हात न धुता फोन लावला.

"ताई, मी पांढुर्ण्याला आहे. तिकडं वारा आहे का?"

"आहे ना. पांढुर्ण्याहून तुमीच धाडला काय?"

"घरात कोण आहे?"

"मामाजी झोपून राह्यले. मी वाळवण उचलून राह्यली. काऊन जी?"

मामाजींना बाहेर काढा, एवढेच शब्द होते. पण मग ती विचारेल, का? मी म्हणालो, "काही नाही. टिनं वाजतात का, ते विचारलं."

"वाजून राह्यली. तुमचंच छत आहे, तुमच्यावानीच गप राहीन वाटलं होतं." ती हसली आणि फोन कटला.

मी पुन्हा लावला. लागेना. वरातीची गाणी सुरू झाली होती आणि मी वऱ्हांड्याच्या खांबाला धरून उभा होतो. भाचा येऊन म्हणाला, "मामा, तब्येत बरी नाही का?" शेवटी तिचाच फोन आला. दोडकं वाळवायला टाकलेलं उडून गेलं, बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी मी रामाकोन्याला गेलो. पट्ट्याच्या बरोबर वर, भिंतभर, केसाएवढी आडवी रेघ होती.

"मिस्त्री म्हने पलस्तर फाटलं, होते म्हने," ताई म्हणाली. "होते ना?"

"होतं," मी म्हणालो.

पण म्हाताऱ्यांची खाट त्याच रेघेखाली होती. मी त्यांना सांगितलं, खाट पूर्वेच्या खोलीत हलवा, दम्याला सकाळची हवा चांगली.

"मोठ्या मानसाची जागा नैऋत्येले, म्हनून तं उंच केली."

"वयापरत्वे बदलते, मामाजी." शास्त्रात असं काही नाही. तोंडाला येईल ते बोललो. म्हातारे "तू शिकेल मानूस," म्हणून उठले. खाटेचं एक टोक मीच उचललं. त्या दिवशी सौंसरला परतताना मला हलकं वाटलं होतं, हेही कबूल करतो.

परवा पुन्हा गेलो. रेघ वाढली का, तेवढंच पाहायला. खोलीत शिरलो तर खाटेच्या जागी टेबल, टेबलाशी ताईची मुलगी, दहावीची पुस्तकं पसरून.

"तुमच्यामुळं पोरीले जागा झाली, भाऊ," ताई म्हणाली. "इथं थंड राह्यते. दिवसभर उठतच नाही."

मुलीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वाचायला लागली. तिच्या डोक्यावर रेघ होती, आणि आता त्या रेघेत नखाचं टोक शिरलं असतं. मी चहा घेतला. आणि निघून आलो. दारापर्यंत येऊन ताई म्हणाली, "भाऊ, तुमी आज काही बोललेच नाही."

मी त्या घराचं जे देणं लागतो ते असं. ताईला समोर बसवून सांगायचं, की पोरीला आत्ता तिथून उठवा, चूक माझी आहे, मिस्त्रीची नाही. मग छत उतरवून, पट्ट्याच्या वरची वीट काढून, ती भिंत खांबांसकट पुन्हा उभी करून द्यायची. यातलं मी अजून काहीच केलेलं नाही.