पळसापासून सुटणारा डोंगा

एका माणसाचा घाट मी दोनदा हिरावला. पहिल्यांदा आळसानं आणि दुसऱ्यांदा भीतीनं. आमच्या घरात तीन पिढ्या यवतमाळच्या कचेऱ्यांमध्ये कागद लिहून जगल्या, पण एवढा हलकट कागद बहुधा माझ्याच वाट्याला आला.

कापसाची ती वाईट वर्षं होती. पैनगंगेपलीकडे, आंध्रात, बरा भाव मिळतो म्हणून झरी जामणीकडचे लोक गाठोडी बांधून डोंग्यानं नदी ओलांडायचे. बायाबापड्या माहेरी-सासरी जात होत्या तोवर तो घाट कुठे आहे हेही आमच्या ऑफिसला ठाऊक नव्हतं. कापूस जाऊ लागला तशी साहेबांना घाटाची आठवण झाली, आणि दिवाळीच्या तोंडावर पाहणी करायला मला धाडलं.

डोंगा चालवणारा भोई साठीचा होता. बापाच्या हाताखाली तो याच घाटावर शिकलेला. मी पायऱ्यांवर जाऊन उभा राहिलो तर हा बाबा रिकामा डोंगा दोरीनं ओढत काठाकाठानं वर निघाला. माणसं गाठोडी डोक्यावर घेऊन त्याच्यामागे चालू लागली. मलाही चालावं लागलं. पाव मैलावरच्या एका पळसाखाली त्यानं आम्हाला बसवलं तेव्हा माझे मोजे गोखरूंनी भरले होते आणि नव्या बुटांचा चिखलानं सत्यानाश झाला होता.

तिथून त्यानं डोंग्याचं नाक आणखी वरच्या अंगाला धरलं. काठाजवळचं पाणी सुस्त होतं, तोवर तो निवांत होता. मधली धार लागली तसा त्यानं बांबू दाबून दाबून नाक वर राखलं, आणि धार सरल्यावर हात सैल सोडला. सगळा वेळ डोंगा तिरपा, खाली खाली सरकत होता. टेकला तो बरोबर पलीकडच्या पायऱ्यांना, आमच्या घाटाच्या नेमका समोर.

एवढी पायपीट कशासाठी, असं मी त्याला अरेतुरे करतच विचारलं.

"बाबू, डोंगा आपण चालवतो, पन त्याच्याखालचं पानीबी चालून राह्यलं ना," तो म्हणाला. "घाटावरून सरळ सोडला तं खालच्या खडकावर जाईन."

मला हे कळलं नाही असं म्हणायची सोय नाही. मी बी.एस्सी. झालेला. नावेचा वेग, प्रवाहाचा वेग आणि त्या दोन्हींतून निघणारी नावेची खरी वाट, हे गणित मी परीक्षेत बाण काढून सोडवलं होतं आणि पैकीच्या पैकी गुण घेतले होते. पण त्या गणितातल्या नदीला चिखल नव्हता. मी बसस्टँडवर मोज्यातले काटे उपटत लिहिलं: नावाडी मंजूर जागेवरून नाव सोडत नाही, प्रवाशांना विनाकारण चालवतो.

साहेबांना असंच काहीतरी हवं होतं. घाटाचा ठेका दुसऱ्याला गेला, आणि नाव पायऱ्यांवरून सुटून समोरच्या पायऱ्यांनाच लागावी अशी अट पडली. हिवाळा, उन्हाळा निभावला, कारण पाण्यात जोर नव्हता; पावसाळ्यात पुरामुळे घाट बंदच असे. पुढच्या वर्षी पहिल्या वेचणीचा कापूस भरून डोंगा सरळ सुटला आणि मधल्या धारेनं त्याला खडकावर नेऊन आपटलं. माणसं खडकांना धरून वाचली. कापूस गेला. दुसऱ्या दिवशी मी तिथे पोचलो तेव्हा एक बाई रेतीत बसून गढूळ कापसाचा एकेक पुंजका पिळत होती. मी तिच्याकडे पाहायचं टाळलं.

चौकशीत जुन्या भोयाला साक्षीला बोलावलं. वर्षभर तो लोकांच्या शेळ्या राखत होता. जबाब नीट झाला तर घाट परत मिळेल, असं त्याला गावातल्या कुणीतरी सांगितलं होतं. तो धुतलेलं धोतर नेसून आला. जबाब घ्यायला साहेबांनी मलाच बसवलं.

त्यानं धार सांगितली, खडक सांगितला, पळस सांगितला. मी लिहीत गेलो. मग तो थांबून म्हणाला, "हेबी लिहा बाबू. म्या तुमाले सांगतलं होतं, डोंगा खडकावर जाईन म्हनून."

त्याच्या आवाजात राग नव्हता. आम्ही दोघं एकाच बाजूचे साक्षीदार आहोत असं त्याला वाटत होतं. माझी बढती त्याच महिन्यात व्हायची होती. हे वाक्य कागदावर आलं की घाट त्याचा आणि नोकरी गेली, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी पेन हलवत राहिलो आणि ते वाक्य गाळलं.

"वाचून दाखवा," तो म्हणाला.

मी वाचलं. जे लिहिलं नव्हतं तेही वाचलं, त्याच्याच शब्दांत, कुठेही न अडखळता. त्यानं "बराबर" म्हणत मान हलवली आणि अंगठा पुढे केला. मी त्याला शाई लावली आणि तो कागदावर दाबला.

"आता भेटन ना घाट?" त्यानं विचारलं.

"भेटन, मामा," मी म्हणालो. त्याला मामा म्हणायची ती माझी पहिलीच वेळ.